घाटात तापणारी गाडी आणि काढून टाकलेला थर्मोस्टॅट

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

विषय : रविवार पुरवणीतील ‘उन्हाळ्यात वाहनांची काळजी’ या मजकुराबाबत

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळ्यात वाहनांची निगा कशी राखावी या विषयावर अर्धे पान मजकूर प्रसिद्ध झाला आहे. टायरमधील हवा, बॅटरी आणि वायपर यांविषयी त्यात दिलेली माहिती उपयुक्त असून तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मात्र जुन्या गाड्यांविषयीच्या चौकटीत दोन सल्ले असे आहेत, की ते वाचून मला स्वस्थ बसवेना. गाडी वारंवार तापत असेल तर थर्मोस्टॅट वॉल्व्ह, म्हणजे इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याची तापमानानुसार उघडझाप करणारी झडप, काढून टाकावा, हा पहिला. आणि रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी साधे नळाचे किंवा बोअरचे पाणी भरले तरी चालते, हा दुसरा. हे दोन्ही सल्ले नाशकातल्या कोणत्याही चार गॅरेजांपैकी तिघांत ऐकायला मिळतात, त्यामुळे लेखकाने ते पदरचे घातलेले नाहीत हे मी जाणतो. दोन वर्षांपूर्वी मीही ते ऐकले आणि मुकाट्याने मानले. त्यापायी माझे पाच महिने आणि सदतीस हजार रुपये गेले, आणि गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापू लागली. तो अनुभव मी जरा तपशिलाने लिहीत आहे. पत्र लांबल्यास क्षमा असावी.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी एकतीस वर्षे देखभाल विभागात नोकरी केली. बंद पडलेल्या यंत्राला हात लावण्याआधी ते केव्हा, कसे आणि कोणत्या भाराखाली बंद पडले हे विचारायचे, ही तिथली पहिली शिस्त. ती मी नव्या मुलांना वर्षानुवर्षे शिकवली आणि स्वतःच्या गाडीपुढे मात्र साफ विसरलो.

गाडी १९६५ सालची एमजीबी आहे. दोन आसनांची, उघड्या टपाची ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार इंग्लंडमधील अबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार होत असे आणि या मालिकेच्या पाच लाखांहून अधिक गाड्या जगभर गेल्या. माझ्या थोरल्या मेहुण्यांनी ती मुंबईत एका मायदेशी परतणाऱ्या गृहस्थाकडून घेतली होती. त्यांच्या पश्चात ती माझ्याकडे आली. गाडी दिसायला दुर्मीळ असली तरी तिचे इंजिन आपल्याला अनोळखी नाही. १७९८ घनसेंटिमीटरचे हे इंजिन ज्या ‘बी सिरीज’ घराण्यातले, त्याच घराण्याचे १४८९ घनसेंटिमीटरचे धाकटे भावंड आपल्या ॲम्बॅसिडरच्या बॉनेटखाली कित्येक वर्षे होते. ज्या मिस्त्रींनी ॲम्बॅसिडर टॅक्सीची कामे केली आहेत त्यांना या गाडीत नवलाचे काही वाटत नाही. तेव्हा पुढे जे लिहीत आहे ते केवळ हौशी गाडीवाल्यांपुरते आहे असे कोणी समजू नये.

त्या वर्षी चैत्रात आम्ही उभयता ठाण्याहून परतत होतो. कसारा घाट चढताना, घाटनदेवी जवळ आली असे वाटत असतानाच तापमानाचा काटा सरकू लागला आणि पुढच्या वळणावर बॉनेटच्या फटींतून वाफ आली. बाजूच्या रेल्वेमार्गावर थळ घाटात ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे आणि तिथे गाड्यांना मागून जादा इंजिने जोडावी लागतात. आमच्या गाडीला मागून जोडायला सौभाग्यवतींखेरीज कोणी नव्हते. एक ट्रकचा क्लीनर मदतीच्या भावनेने पाण्याची बाटली घेऊन धावत आला आणि फडक्याने रेडिएटरचे झाकण फिरवू लागला. त्याला मी हात धरून थांबवले, आणि त्या सगळ्या प्रकरणात मी केलेली एकमेव शहाणपणाची गोष्ट तेवढीच होती.

झाकणाचे महत्त्व पुरवणीतल्या मजकुरात आलेले नाही, म्हणून थोडे सांगतो. नाशिक आणि इगतपुरी समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंचीवर आहेत. इतक्या उंचीवर उघड्या भांड्यातले पाणी शंभर अंशांना न उकळता सुमारे ९८ अंशांनाच उकळते. रेडिएटरचे झाकण आतला दाब वाढवून हा उत्कलनबिंदू वर नेते. माझ्या गाडीचे झाकण दर चौरस इंचाला सात पौंड दाबाचे आहे; ते नीट बसले असेल तर आतले पाणी सुमारे ११० अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणजे एका पत्र्याच्या झाकणामुळे बारा अंशांची सवलत मिळते. याचाच दुसरा अर्थ असा, की तापलेल्या इंजिनावर झाकण उघडले तर दाब एकदम उतरतो, तोवर शांत असलेले पाणी त्याच क्षणी उकळते आणि उघडणाऱ्याच्या हातावर आणि तोंडावर येते. तेव्हा गाडी बाजूला घेऊन अर्धा-पाऊण तास थांबावे आणि वरचा होज पाइप हाताला सोसवेल इतका निवल्यावरच झाकणाला हात लावावा. थंड पाणीही एकदम ओतू नये. तापलेल्या बिडाच्या हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, त्याने तडा जाऊ शकतो.

घरी आल्यावर गाडी गॅरेजला दिली. गॅरेजचे नाव लिहिण्याचे कारण नाही, कारण तिथला मनुष्य लबाड नव्हता. त्याला घाई होती इतकेच. त्याने पहिल्याच दिवशी थर्मोस्टॅट काढून टाकला आणि ‘आता पाणी मोकळे फिरेल’ असे सांगितले. गाडी गंगापूर धरणापर्यंत नेऊन आणली, ठीक चालली. पुढच्या आठवड्यात महामार्गावर पुन्हा तापली. मग रेडिएटरला नवा कोअर, म्हणजे आतला नळ्यांचा संच, बसवला. मग वॉटर पंप बदलला. मग इंजिनावरचा मूळ पत्र्याचा पंखा काढून रेडिएटरच्या पुढे, जाळीच्या आत, विजेवर चालणारा पंखा लावला आणि सोबत नवे झाकण दिले. यानंतर गाडी महामार्गावर तर तापायचीच, पण आजवर कधी न तापलेली ती द्वारका चौकातल्या कोंडीतही तापू लागली. आता हेड उतरवून फेसिंग, म्हणजे त्याचा तळ घासून सपाट, करावे लागेल आणि हेड व ब्लॉक यांच्यामधले गॅस्केट बदलावे लागेल, असे सांगण्यात आले, तेव्हा कुठे माझी जुनी शिस्त जागी झाली आणि मी गाडी घरी आणली.

गाडी तापते, ही तक्रार अपुरी आहे. केव्हा तापते हे सांगितल्याशिवाय तिला अर्थ नाही. उभ्या गाडीत किंवा कोंडीत तापते आणि वेग घेतला की निवते, तर रेडिएटरमधून वारा जात नाही असे समजावे आणि पंख्याकडे पाहावे. कोंडीत ठीक राहते पण मोकळ्या रस्त्यावर सत्तर-ऐंशीच्या वेगाने किंवा लांब चढावर तापते, तर वारा भरपूर असूनही उष्णता बाहेर पडत नाही, म्हणजे पाण्याचा मार्ग कुठेतरी अडलेला आहे : कोअर, ब्लॉकमधला (सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य ठोकळ्यातला) गाळ, किंवा पंपाच्या ओढीने आत चिमटला जाणारा खालचा होज पाइप. थंड इंजिन सुरू करताच मिनिटा-दोन मिनिटांत वरचा पाइप दगडासारखा टणक होतो आणि रेडिएटरच्या टाकीत बुडबुडे येतात, तर गॅस्केटचा संशय घ्यावा. गाडी बंद केल्यावर काटा थोडा वर चढतो त्याची चिंता करू नये, कारण पाणी फिरायचे थांबलेले असते आणि बिडातली उष्णता तिथेच साचते. माझी गाडी मुळात दुसऱ्या प्रकारात मोडत होती. दुरुस्तीनंतर ती पहिल्या आणि दुसऱ्या अशा दोन्ही प्रकारांत मोडू लागली. याचा सरळ अर्थ असा होता, की मूळ बिघाड जागेवरच होता आणि दुरुस्तीने त्यात नव्याची भर घातली होती.

सर्वप्रथम मी काट्यालाच तपासले. साठ वर्षांच्या जुन्या काट्यावर विसंबून हजारोंचा खर्च करणे म्हणजे बंद घड्याळ पाहून गाडी चुकली म्हणण्यासारखे आहे. या गाडीत हेडमध्ये बसवलेल्या एका छोट्या नळकांड्यापासून बारीक तांब्याची नळी थेट डॅशबोर्डवरच्या गेजपर्यंत जाते. ती वाकली किंवा तुटली तर गेज निकामी होते, म्हणून जपून ते नळकांडे बाहेर काढले, घरातली विजेची किटली एक्स्टेंशन बोर्डावर लावून गाडीशेजारी ठेवली आणि उकळत्या पाण्यात ते धरले. काटा जिथे स्थिर झाला तिथे काचेवर बाहेरून पांढऱ्या ऑइलपेंटचा बारीक ठिपका दिला. तो ठिपका म्हणजे नाशकातले ९८ अंश. गेजवरच्या आकड्यांपेक्षा माझा आज त्या ठिपक्यावर जास्त विश्वास आहे.

त्यानंतर लांबून तापमान मोजणारा थर्मामीटर विकत आणला. कोरोनाच्या काळात सोसायटीच्या फाटकावर कपाळाला लावत तो नव्हे, त्याची धाव माणसाच्या तापापुरतीच असते; कारखान्यात वापरतात तो. चकचकीत धातूवर तो खोटे, कमी आकडे दाखवतो, म्हणून जिथे मोजायचे तिथे आधी काळी चिकटपट्टी लावावी. मोजमापात दोन गोष्टी दिसल्या. नव्या कोऱ्या कोअरवर मधोमध थंड पट्टे होते, म्हणजे त्या नळ्यांतून गरम पाणी जातच नव्हते. आणि ब्लॉकची मागची बाजू, चौथ्या सिलिंडरजवळ, पुढच्या बाजूपेक्षा चौदा अंशांनी जास्त गरम होती.

पंख्याचा उलगडा मात्र कोणत्याही उपकरणाने झाला नाही. सकाळी गाडी सुरू करून, पंखा चालू असताना, मी समोरच्या जाळीपुढे एक पेटती उदबत्ती धरली. हा पंखा रेडिएटरच्या पुढे असल्याने त्याने बाहेरची हवा आत ढकलायला हवी आणि धूर जाळीतून आत खेचला जायला हवा. मी जाळीकडे पाहत होतो. सौभाग्यवती बाजूला उभ्या राहून माझ्याकडे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, वारा तर कुठेच नाही, मग धूर तुमच्या तोंडावर कसा येतोय?” पंखा उलटा फिरत होता. इंजिनाच्या कप्प्यातली तापलेली हवा तो रेडिएटरमधून ओढून पुढे फेकत होता आणि महामार्गावर समोरून येणाऱ्या वाऱ्याशी झुंजत होता. कोंडीत गाडी का तापते याचे उत्तर माझ्या चष्म्यावर राख होऊन बसले होते.

याचे कारण जुन्या ब्रिटिश गाड्यांचे काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. आजच्या सर्व गाड्यांत बॅटरीचे ऋण टोक बॉडीला जोडलेले असते. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत मात्र धन टोक बॉडीला असते, ज्याला मिस्त्री ‘पॉझिटिव्ह अर्थ’ म्हणतात. गॅरेजमधल्या मुलाने सवयीप्रमाणे पंख्याची लाल तार स्विचकडून येणाऱ्या तारेला आणि काळी तार बॉडीला जोडली. दिवा किंवा हॉर्न असता तर काही फरक पडला नसता. पण या पंख्यातल्या कायम चुंबकाच्या मोटारीला वीज उलट मिळाली की ती उलटी फिरते. दोन तारांची अदलाबदल करायला चार मिनिटे लागली. पुढे मी तो विजेचा पंखाच काढून मूळचा पत्र्याचा पंखा परत बसवला, कारण या गाडीचा डायनॅमो जेमतेम २२ अँपिअर देतो आणि मंद गतीवर तेवढेही देत नाही. रात्री कोंडीत हेडलाइट, वायपर आणि पंखा असे तिघे एकदम लागले तर बॅटरी बसणार हे उघड आहे.

झाकणाचा दोष शोधायला घरातले काजळ कामी आले. कारखान्यात दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकतात की नाही हे पाहण्यासाठी आम्ही निळा रंग लावत असू. त्याच रीतीने झाकणाच्या रबरी चकतीला काजळाचे बोट फिरवले, झाकण पूर्ण आवळले आणि उघडून पाहिले. रेडिएटरच्या आतल्या कडेवर काजळाचा मागमूस नव्हता. जुन्या रेडिएटरची मान खोल असते. नव्या गाड्यांसाठीच्या झाकणाची स्प्रिंग तितकी खाली पोहोचत नाही. वरून झाकण घट्ट बसले होते, आत ते हवेत लोंबत होते. वर सांगितलेली बारा अंशांची सवलत या गाडीला नव्या झाकणाच्या दिवसापासून मिळालीच नव्हती.

आता हेड उतरवण्याविषयी. गॅस्केट गेले आहे की नाही हे ठरवण्यासाठी हेड उतरवावे लागत नाही. एका काचेच्या नळीत निळा द्रव घेऊन ती रेडिएटरच्या तोंडावर धरायची आणि चालू इंजिनावर टाकीतली हवा रबरी फुग्याने त्या द्रवातून ओढून घ्यायची. सिलिंडरमधला जळका वायू पाण्यात झिरपत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे द्रव निळ्याचा पिवळा होतो. शाळेत चुन्याच्या निवळीत फुंकर मारून ती दुधाळ केलेली ज्यांना आठवते त्यांना यातले तत्त्व वेगळे सांगायला नको. माझा द्रव वीस मिनिटांनंतरही निळाच होता. गॅस्केट शाबूत होते.

मूळ बिघाड निघाला तो ब्लॉकमध्ये. ब्लॉकच्या मागच्या भागात पाणी काढण्याची एक तोटी असते. मी तोटी पूर्ण उघडली आणि खाली घमेले धरून बसलो; एक थेंबही आला नाही. रेडिएटरमध्ये पाणी काठोकाठ असताना तोटी कोरडी राहते, याचा अर्थ तिच्यामागे पाणी नसून दुसरेच काही आहे. सायकलचा स्पोक आत घालून ढोसल्यावर आधी विटकरी रंगाचा चिखल आला, मग पातळ तपकिरी पाणी, आणि शेवटी खपल्यांसकट धार लागली. घमेले निवळल्यावर तळाशी चहाचे दोन कप भरतील इतका गाळ होता. त्यात गंज होता, पांढऱ्या क्षारांच्या पापुद्र्या होत्या आणि कोण्या जुन्या दुरुस्तीत गळती बुजवण्यासाठी ओतलेली भुकटीही असावी. पाणी सर्वांत मंद वाहते ते मागच्या सिलिंडरपाशी, म्हणून गाळ तिथे बसतो आणि तिथलेच बीड सर्वाधिक तापते. नव्या कोअरच्या नळ्या बुजल्या त्याही याच गाळाने. ब्लॉक न धुता रेडिएटर नवा करणे म्हणजे टाकी न घासता नवी तोटी बसवणे होय.

ब्लॉक धुण्यासाठी मी किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, पाच लिटर पाण्यात पाव किलो या प्रमाणात वापरले. गाडी कोमट होईपर्यंत चालवून तासाभराने पाणी काढले, मग उलट्या दिशेने पाइप लावून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुतले, मग धुण्याच्या सोड्याचे पाणी फिरवले आणि पुन्हा धुतले. हे बिडाचे इंजिन आणि तांब्या-पितळेचा रेडिएटर असलेल्या गाडीसाठी आहे. ॲल्युमिनियमचे हेड किंवा रेडिएटर असलेल्या गाडीत हा प्रयोग कृपया कोणी करू नये. काही ठिकाणी संडास धुण्याचे ॲसिड ओतले जाते. त्याने क्षार जातात, पण मागोमाग डाखही जातो. रेडिएटर मी जुन्या नाशकातल्या एका कारागिराकडे नेला. त्याने वरून पाणी सोडून खालच्या तोंडाशी तळहात धरला आणि डोळे मिटून सांगितले, “साहेब, निम्म्याच नळ्या चालू आहेत.” थर्मामीटरने मला जे तासाभरात सांगितले होते ते त्याच्या हाताला दहा सेकंदांत कळले. अशा कारागिराकडे आधी गेलो असतो तर हे पत्र लिहावेच लागले नसते.

आता पुरवणीतल्या पहिल्या सल्ल्याकडे वळतो. थर्मोस्टॅट म्हणजे आत मेणाची गोळी असलेला एक साधा दरवाजा. इंजिन थंड असताना तो बंद राहतो, माझ्या गाडीत ८२ अंशांना उघडू लागतो आणि पुढे तापमान वाढेल तसा पूर्ण उघडतो. तो काढला की इंजिन सदैव गरजेपेक्षा थंड चालते. निफाडचा पारा हिवाळ्यात पाच अंशांखाली जातो अशा आपल्या जिल्ह्यात याचा अर्थ असा, की सकाळी दहा-बारा किलोमीटर जाईपर्यंत इंजिन तापतच नाही, पेट्रोल जास्त लागते, तेलात चिकटा धरतो आणि सिलिंडर लवकर झिजतात. जो दरवाजा उघडतच नाही तो बदलावा हे खरे. पण जो उघडतो तो काढून काहीच साधत नाही, कारण पूर्ण उघडलेल्या दरवाजातून पुरेसे पाणी जातेच.

उलट बाजूने सांगितले जाणारे एक कारणही मला मान्य नाही. ‘थर्मोस्टॅट काढला की पाणी फार वेगाने धावते आणि रेडिएटरमध्ये थंड व्हायला त्याला वेळ मिळत नाही’, असे जाणकार म्हणवणारेही सांगतात. पाणी तेच तेच फिरत असते. वेगाने फिरले तर ते रेडिएटरमध्ये कमी वेळ थांबते, पण परतही तितक्याच लवकर येते, आणि एकूण उष्णता कमी नव्हे तर थोडी अधिकच बाहेर जाते. खरे कारण निराळे आहे. थर्मोस्टॅटच्या अरुंद तोंडामुळे पंप आणि तो दरवाजा यांच्यामध्ये, म्हणजे नेमका ब्लॉक आणि हेडमध्ये, दाब थोडा जास्त राहतो. एक्झॉस्ट वॉल्व्हभोवतीच्या सर्वांत तप्त जागी त्या दाबामुळे पाण्याचे वाफेचे बुडबुडे होत नाहीत. दरवाजा काढला की हा दाब जातो, आणि गेजवरचा काटा खाली दिसत असतानाही हेडमध्ये एखाद्या कोपऱ्यात पाणी उकळत राहते.

थर्मोस्टॅट तपासायला पैसे लागत नाहीत. त्याच्या झडपेच्या फटीत दोरा अडकवून तो पातेल्यातल्या पाण्यात, तळाला न टेकवता, दोऱ्यावर टांगावा आणि पाणी तापवावे. झडप उघडली की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट तळाशी पडतो. त्या क्षणीचे तापमान पाहावे. गॅरेजने काढलेला माझा जुना थर्मोस्टॅट डिकीत फडक्यात गुंडाळून पडलेला होता. तो ८३ अंशांना पडला. त्यात कधीच दोष नव्हता, आणि आज तोच गाडीत आहे.

पाण्याविषयी मी फार लिहीत नाही, कारण आपल्याकडे बोअरचे पाणी वापरणाऱ्या प्रत्येक घरात गीझरची कॉइल त्याची साक्ष देते. जी पांढरी खपली गीझरमध्ये धरते तीच इंजिनातही धरते, आणि एक मिलिमीटर खपली उष्णतेला अनेक मिलिमीटर बिडापेक्षा जास्त अडवते. घाटात अडकल्यावर मिळेल ते पाणी घालून घर गाठावे, यात काही गैर नाही. मात्र घरी आल्यावर ते काढून टाकावे. एरवी बॅटरीसाठी मिळते ते डिस्टिल्ड पाणी आणि डाखाच्या जुन्या रेडिएटरला चालेल असे स्पष्ट लिहिलेले कूलंट वापरावे. आपल्याकडे पाणी गोठत नसल्याने निम्मे-निम्मे मिश्रण करण्याची गरज नाही. तीन भाग कूलंट आणि सात भाग पाणी पुरते. कूलंटमधले ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेते, त्याचे खरे काम इथे गंज रोखण्याचे आहे. दर दोन वर्षांनी ते बदलावे. काढलेले कूलंट गटारात ओतू नये आणि उघड्या घमेल्यात तर मुळीच ठेवू नये. ते चवीला गोड आणि जहाल विषारी असते, आणि गल्लीतली कुत्री ते चाटतात.

शेवटचा एक मुद्दा, कारण तो नवीन आहे. आता पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने हे पेट्रोल जळायला कमी हवा लागते, आणि शुद्ध पेट्रोलवर बसवलेल्या कार्ब्युरेटरचे मिश्रण त्यामुळे पातळ पडते. पातळ मिश्रण आणि मागे पडलेले इग्निशन टायमिंग, म्हणजे उशिरा पडणारी ठिणगी, ही दोन्ही इंजिनाला तापवतात, आणि त्यांचा ठपका बिचाऱ्या रेडिएटरवर येतो. मी दोन्ही कार्ब्युरेटरचे जेट थोडे खाली घेऊन मिश्रण दाट केले आणि टायमिंग दिव्याने जुळवले, तेव्हा चढावरचा काटा आणखी थोडा उतरला. पेट्रोलच्या रबरी नळ्याही त्याच वेळी बदलून घेतल्या.

समृद्धी महामार्गामुळे आता घाट टाळून मुंबईहून येता येते; तरीही यंदाच्या एप्रिलमध्ये आम्ही मुद्दाम कसाऱ्यावरून, दुपारी दोन वाजता, वर आलो. काटा पांढऱ्या ठिपक्याच्या बराच अलीकडे राहिला. त्याच वळणावर तीन गाड्या बॉनेट उघडून उभ्या होत्या आणि त्यांपैकी एकीच्या झाकणाभोवती फडके गुंडाळले जात होते. २०२७ च्या सिंहस्थासाठी याच वाटांनी जुन्या-नव्या असंख्य गाड्या नाशकात येतील. माझी आपणांस विनंती आहे, की थर्मोस्टॅट आणि बोअरच्या पाण्याविषयीच्या त्या दोन सल्ल्यांची दुरुस्ती येत्या रविवारच्या पुरवणीत, मूळ चौकट जेवढी होती तेवढ्याच आकारात आणि त्याच पानावर, प्रसिद्ध करावी.

कळावे, लोभ असावा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त देखभाल अभियंता,
गंगापूर रोड, नाशिक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)